तळाशी चरणारा मासा



गोव्याच्या किनाऱ्यावर एक काळ असा होता की, तारल्यांचे तांडेच्या तांडे जाळ्यांत आले म्हणजे पोटापुरती मासळी घरोघर जाई आणि उरलेली माडांच्या बुंध्याशी खत म्हणून पुरली जाई. आज तीच तारली हृदयाला हितकारक म्हणून डॉक्टर मंडळी आवर्जून खावयास सांगतात आणि बाजारात तिच्यासाठी घासाघीस चालते. मासा तोच, समुद्रही तोच. पालटली ती माणसाची दृष्टी. नाचणी-बाजरीचेही तसेच झाले. ज्या धान्यांना आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘भरड’ म्हणून पंगतीबाहेर ठेवले, त्यांच्या नावाने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे सबंध वर्ष साजरे केले. हे स्मरण ठेवून आज आपण एका दूरदेशीच्या माशाची हकीकत पाहू. त्याच्याही कपाळी ‘भरड’ हाच शिक्का बसला होता. आणि त्या एका शब्दापायी त्याला जे भोगावे लागले ते ऐकण्यासारखे आहे.

उत्तर अमेरिकेतील नद्या-सरोवरांत ‘सकर’ नावाचे मासे आहेत. सकर म्हणजे चोखणारा. ह्या कुळात सुमारे ८० जाती मोडतात. चीनच्या यांगत्से नदीतील एक जात आणि सैबेरियापर्यंत पसरलेली दुसरी एक जात वगळली, तर बाकीचे सारे कूळ उत्तर अमेरिकेचेच रहिवासी होय. त्याचे तोंड नाकाच्या पुढे नसून खालच्या बाजूस असते. ओठ जाड, मांसल आणि बारीक उंचवट्यांनी भरलेले असतात. जबड्यात दात मुळीच नसतात. घशात मात्र फणीसारखी दातांची एक रांग असते. तळाशी सावकाश फिरत तो वाळू-खडे तोंडात ओढतो, त्यांतील किड्यांच्या अळ्या, लहान शिंपले व सूक्ष्म जीव वेचून घेतो आणि उरलेले बाहेर टाकतो. आपल्याकडील तळ्यांत कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात, आणि मृगळ तळाशी. ते मृगळाचे काम तिकडे सकर करतो असे म्हणावयास हरकत नाही. शास्त्रज्ञांनी केलेल्या वर्गवारीतही सकर आणि आपले रोहू-मृगळ एकाच मोठ्या गणात येतात. म्हणजे हा मासा आपणास अगदीच परका नाही. दूरच्या नात्यातला आहे.

असे असता आपल्याकडे मृगळास मान मिळाला आणि तिकडे सकराच्या वाट्याला हेटाळणी आली. त्याची कारणे दोन-तीन आहेत. एक तर त्याच्या मांसात बारीक काटे फार. आपल्याकडे पाला खाणाऱ्यास त्याचे भय वाटणार नाही. पण ज्यांना काटा काढण्याची सवय नाही त्यांना ते संकट वाटते. मिसुरी राज्यातील लोकांनी मात्र त्यावर उपाय शोधला. माशाच्या तुकडीस सुरीने जवळजवळ आडव्या चिरा देऊन ती कडकडीत तेलात तळली की बारीक काटे कुरकुरीत होऊन मुकाट्याने पोटात जातात. दुसरे कारण म्हणजे त्याचे ते खाली वळलेले तोंड. ते पाहून तो घाण खातो असा समज झाला. तिसरे कारण बोलीभाषेतले. इंग्रजीत ‘सकर’ म्हणजे सहज फसणारा भोळसट मनुष्य. नाव असे, रूप तसे, आणि शेजारी ट्राऊटसारखा ठिपकेदार देखणा मासा; मग तुलना कोणाच्या बाजूने होणार हे सांगावयास नको. ट्राऊट हा ‘खेळाचा मासा’ ठरला, आणि सकर, बफेलो, बोफिन इत्यादी मंडळी ‘रफ फिश’, म्हणजे भरड मासे ठरली.

आता थोडे त्या खेळाविषयी. आपल्याकडे गळ म्हटले की काठी, दोरा, आकडा आणि त्यावर गांडूळ किंवा कणकेची गोळी डोळ्यांपुढे येते. ‘फ्लाय फिशिंग’ हा त्याहून निराळा प्रकार आहे. त्यात आमिष खरे नसते. कोंबड्याचे वा फेझंट पक्ष्याचे पीस, सशाचे केस, तांब्याची तार असे सामान बारीक आकड्यावर गुंडाळून माशीची किंवा अळीची प्रतिकृती बनवतात. माशीने मासा धरावयाचा, असा हा प्रकार! साध्या गळात शिशाची गोळी पुढे उडते आणि दोरा तिच्यामागे ओढला जातो. येथे पिसाच्या माशीला वजनच नसल्यामुळे दोरीच जड केलेली असते. लवचिक काठी मागे-पुढे झुलवली की ती दोरी हवेत फासासारखी उलगडत जाते आणि टोकाची माशी पाण्यावर अलगद टेकते. हा छंद पुरातन आहे. गळाने मासे धरण्यावरचा एक इंग्रजी ग्रंथ १४९६ मध्ये छापला गेला. त्यात बारा कृत्रिम माश्यांचे वर्णन आहे. परंपरेने तो ज्यूलियाना बर्नर्स नावाच्या मठवासिनीच्या नावावर घातला जातो, जरी विद्वानांस ते कर्तृत्व संशयास्पद वाटते.

पुढे ह्या छंदातही सोवळे-ओवळे आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात फ्रेडरिक हॅलफर्ड ह्यांच्या अनुयायांनी असा दंडक घातला की, खरा गळकरी तोच, जो पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगणारी माशी टाकतो. पाण्याखाली अळीची प्रतिकृती सोडणे हे त्यांच्या लेखी हीन कर्म होते. लंडनचे एक वकील जी. ई. एम. स्कूज ह्यांना हे पटेना. मासा पाण्याखाली खात असता त्याला वर बोलावण्याचा हट्ट कशासाठी, असा त्यांचा साधा प्रश्न होता. १९१० मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. तरीही वाद धुमसतच राहिला आणि १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात ह्या प्रश्नावर रीतसर चर्चा घडली. आज जगभर पाण्याखालील अळीचा, म्हणजे ‘निम्फ’चा, सर्रास उपयोग होतो. एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर ह्यांनी तर दोरासुद्धा न वापरता केवळ फेझंटच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची तार ह्यांतून एक अळी बनवली. ती आज गळकऱ्यांच्या डबीत हमखास आढळते. ट्राऊटसाठी जन्मलेली हीच अळी पुढे सकराच्याही कामी आली.

कारण सकरास माशीने धरावयाचे तर तळाशीच जावे लागते. तो ट्राऊटासारखा उसळी मारून वर येत नाही, आणि आमिषामागे दूरवर धावतही नाही. ज्या वाटेने तो चरत चालला आहे, नेमक्या त्याच वाटेवर, तळापासून बोट-दोन बोटांच्या अंतरावरून ती अळी आपसूक वाहत गेली पाहिजे. म्हणून अळीच्या डोक्याशी पितळेचा किंवा टंगस्टनचा मणी ओवतात, अथवा धाग्यावर शिशाचे बारीक दाणे चिमटतात. दोरीवर एक छोटा तरंगता खुणेचा गोळा बांधतात. प्रवाहाच्या वेगाहून अळी जराही जलद वा मंद जाता कामा नये. दोरीची ओढ लागली की मासा तिच्याकडे पाहतसुद्धा नाही. पाण्यावरची चकाकी मारणारा काळा चष्मा डोळ्यांवर चढवून गळकरी आधी मासे हेरतो. तळाच्या पिवळसर खड्यांवर करड्या सावल्या सरकताना दिसतात. त्यांतली एखादी सावली जरा बाजूला वळते, तिच्या ओठांची पांढुरकी उघडझाप होते, आणि तो खुणेचा गोळा क्षणभर अडखळतो. झटका नाही, हिसका नाही. त्या एका क्षणी काठी उचलली तर मासा लागला; नाही तर त्याने अळी चाखून, खोटी ठरवून केव्हाच थुंकून टाकलेली असते. एकदा लागला की मात्र हा ‘भोळसट’ तळाशी डोके खुपसून प्रवाहात अशी ओढ घेतो की, काठीची कमान होते. ‘रेडहॉर्स’ म्हणून लाल शेपटीचे जे मोठे सकर आहेत, त्यांच्या मागे लागलेले निष्णात गळकरी कबूल करतात की, दिसणाऱ्या माशाला खावयास लावणे हीच त्यांची खरी परीक्षा असते.

ह्या खेळाची काही पथ्ये आहेत. वसंतात पाणी दहा अंश सेल्सियसच्या आसपास तापले की पांढरे सकर सरोवरांतून लहान ओढ्यांत अंडी घालावयास चढतात. एका मादीच्या दोहो बाजूंस दोन नर, अशी त्यांची रीत आहे. घरटे नाही, राखण नाही, अंडी खड्यांच्या फटींत सोडून ते परततात. ह्या दिवसांत उथळ खडकाळ जागी पाय ठेवणे म्हणजे हजारो अंडी चिरडणे होय. शिवाय गर्दीत टाकलेला आकडा माशाच्या तोंडाऐवजी पोटात वा पराला अडकतो. असा मासा स्वच्छ रीतीने धरला असे कोणी समजत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी कायद्यानेही तो सोडून द्यावा लागतो. सारांश, अंडी घालणाऱ्यांस सुखाने घालू द्यावीत आणि चरणाऱ्यांवर आपले कौशल्य अजमावावे, हे उत्तम.

येथवर ही एका छंदाची गोष्ट झाली. परंतु भरड ह्या शब्दाचा परिणाम छंदापुरता राहिला नाही.

पश्चिम अमेरिकेत ग्रीन नावाची नदी आहे. ती पुढे कोलोरॅडो नदीस मिळते. १९६२ मध्ये तिच्यावर फ्लेमिंग गॉर्ज हे मोठे धरण पूर्ण होत आले होते. नव्या जलाशयात इंद्रधनुषी ट्राऊट सोडून गळकऱ्यांसाठी नामी क्षेत्र तयार करावे असा बेत ठरला. अडचण एकच, नदीत आधीपासून राहणारे मासे. त्यांत पाठीवर धारदार कणा असलेला ‘रेझरबॅक सकर’ होता, आणखी जुन्या जातीचे मासे होते. परंतु ते पडले भरड! तेव्हा त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात नदी आणि तिच्या उपनद्या मिळून सुमारे ७१५ किलोमीटर लांबीच्या पाण्यात ‘रोटेनोन’ नावाचे वनस्पतिजन्य विष कित्येक हजार गॅलन ओतण्यात आले. हे विष माशाच्या शरीरातील पेशींना प्राणवायू वापरू देत नाही. खालच्या अंगास पोटॅशियम परमँगनेट टाकून विष निकामी करण्याची योजना होती. पण विषाचा अंश ती मर्यादा ओलांडून राष्ट्रीय संरक्षित प्रदेशाच्या दिशेने गेलाच. मेलेल्या माशांनी पाण्याचा काठ भरून गेला. हे कृत्य चोरून झालेले नव्हते. सरकारी खात्यांतील सुशिक्षित माणसांनी, कागदोपत्री मंजुरी घेऊन, लोकांचे भले होईल ह्या समजुतीने ते केले. काही मत्स्यशास्त्रज्ञांनी आधीच विरोध नोंदवला होता, परंतु त्यांचे कोणी ऐकले नाही.

ह्या घटनेने मात्र पुष्कळांचे डोळे उघडले. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत संकटग्रस्त जातींच्या रक्षणाचा कायदा झाला, त्यामागील अस्वस्थतेत ग्रीन नदीच्या आठवणीचाही वाटा होता. १९९१ साली रेझरबॅक सकराची गणना संकटग्रस्तांत झाली. त्याच्या ऱ्हासास ते विष एकटेच कारण नव्हते. धरणांमुळे थंड पडलेले पाणी, आटलेले पूर आणि बाहेरून आणून सोडलेले भक्षक मासे ही कारणे अधिक मोठी आणि अधिक काळ टिकणारी ठरली. आज तेच सरकार त्याच माशाची पिले हौदांत वाढवून त्याच नदीखोऱ्यात सोडत आहे. मारावयास एक महिना पुरला. परत आणावयास पिढ्या लागत आहेत.

हे मासे किती जगतात ह्याचीसुद्धा कोणी चौकशी केली नव्हती. ज्याला किंमत नाही त्याचे वय कोण विचारतो? २०१९ मध्ये संशोधकांनी सकर कुळातील ‘बिगमाउथ बफेलो’ ह्या माशाच्या कानातील बारीक हाडे तपासली. झाडाच्या खोडात जशी वर्षागणिक वलये पडतात, तशी त्या हाडांतही पडतात. मोजदाद केली तेव्हा एक मासा ११२ वर्षांचा निघाला! १९५० ते १९६० च्या दशकांत झालेल्या अणुस्फोटांचा जो अंश साऱ्या जगाच्या हवा-पाण्यात उतरला, त्याच्या खुणेवरून ही मोजणी पडताळून पाहण्यात आली. मिनेसोटातील काही सरोवरांत तर बहुसंख्य मासे ऐंशी वर्षांच्या पलीकडचे आढळले. ह्याचा अर्थ जितका अद्भुत तितकाच चिंतेचा आहे. म्हातारे पुष्कळ, पण कित्येक दशकांत नवी पिढी पुरेशी वाढलेलीच नाही. २०२३ मध्ये ॲरिझोना राज्यातील एका जलाशयातही शंभरी गाठलेले बफेलो मासे सापडले. त्यांचे मूळ १९१८ मध्ये त्या प्रदेशात सोडलेल्या माशांत होते. आणि वाचकांस आनंद वाटेल की, ह्या शोधाला साहाय्य झाले ते तेथील हौशी गळकऱ्यांचे. मासा धरावा, त्याच्या अंगावरील नारिंगी-काळे ठिपके निरखावेत, छायाचित्र घ्यावे आणि त्याला सोडून द्यावे, असा त्यांचा परिपाठ होता. ज्यांनी मासा मारून फेकला त्यांच्याकडून विद्येला काही मिळाले नाही. ज्यांनी निरखून सोडला त्यांच्याकडून मिळाले.

कारण मारून फेकणारेही आहेत. रात्री होडीवर प्रखर दिवे लावून धनुष्यबाणाने असे मासे टिपण्याचा खेळ अमेरिकेत अलीकडच्या काळात बराच वाढला. बाण लागलेला मासा सोडून देता येत नाही. भरड माशांच्या पुष्कळ जातींना अनेक राज्यांत संख्येची मर्यादाच नव्हती; त्यामुळे आजोबांच्या वयाचे मासे ढिगांनी मारून उकिरड्यावर टाकले गेले.

आता दुसरी बाजू. ज्या माशाला गोऱ्या वसाहतवाल्यांनी कचरा म्हटले, तोच कोणाचे तरी अन्न होता. ऑरेगन राज्यात अप्पर क्लॅमथ नावाचे सरोवर आहे. त्याच्या काठी राहणाऱ्या क्लॅमथ आदिवासींच्या भाषेत तेथील दोन सकरांची नावे ‘च’वाम’ आणि ‘कोप्तू’ अशी आहेत. लांबलचक हिवाळा संपत येई, साठवणीचे अन्न सरत येई, आणि नेमके तेव्हाच बर्फाळ पाण्यातून हे मासे नद्यांत चढत. त्यांच्यासाठी ते केवळ खाद्य नव्हते, जीवदान होते. म्हणून आजही दर वसंतात त्या माशांच्या पुनरागमनाचा विधी केला जातो. १८६४ च्या तहात त्या लोकांनी आपली बहुतेक भूमी सोडली, पण मासेमारीचा हक्क राखला. पुढे दलदली आटवून शेते झाली, कालवे निघाले, सरोवरात खतमातीचा अंश उतरू लागला, आणि उन्हाळ्यात हिरव्या शेवाळाने पाणी कोंदू लागले. मोठे मासे अंडी घालतात, पिले जन्मतात, पण बहुतेक पहिलाच उन्हाळा ओलांडीत नाहीत. १९८६ मध्ये त्या आदिवासींनी स्वतःच आपली मासेमारी थांबवली. सरकारने त्या माशांना संकटग्रस्त ठरवले ते त्यानंतर, १९८८ मध्ये. जे त्या माशावर जगले, त्यांनीच प्रथम आपला घास आवरला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

२००१ साली तेथे भयंकर दुष्काळ पडला. माशांसाठी सरोवरात पाणी राखावे की शेतांस सोडावे, असा पेच उभा राहिला. आणि सरकारने बहुतेक शेतीचे पाणी तोडले. शेतकरी संतापले. त्यांचाही दोष काय? त्यांच्या वाडवडिलांना, कित्येकांना तर महायुद्धातील सेवेबद्दल, सरकारनेच त्या जमिनी पाण्याच्या आश्वासनासह दिल्या होत्या. ‘एका कचरा माशासाठी आमची शेती बुडवता?’ हा त्यांचा सवाल होता. आणि ‘तो कचरा नव्हे, आमचा पूर्वज आहे’ असा पलीकडच्या बाजूचा भाव होता. एका नदीचे पाणी दोघांना दोनदा वचनात दिले गेले होते. म्हादई-कृष्णेच्या काठच्या वाचकांस अशा तंट्याची कडू चव नव्याने सांगावयास नको. आम्हांस त्यात एवढेच सुचवावयाचे आहे की, ज्या क्षणी आपण एका पक्षाच्या अन्नाला कचरा म्हणतो, त्या क्षणी न्यायाची अर्धी वाट आपणच बंद करतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे, नाही तर विचार एकांगी होईल. भरड म्हटलेले सगळेच मासे सारखे नव्हेत. ‘कार्प’ हा मासा अमेरिकेचा रहिवासी नाही. १८७७ मध्ये तेथील सरकारने तो मोठ्या हौसेने युरोपातून आणवला. खाण्यास उत्तम म्हणून लोकांनी मागण्या करकरून नेला. पुढे तो सर्वत्र पसरला, तळ उकरून पाणी गढूळ करू लागला, आणि आवडता होता तो नावडता झाला. आपल्या देशातही कार्प बाहेरूनच आला. १९३९ मध्ये तो निलगिरीत आणला गेला. आता गंमत अशी की, त्याच कार्पास माशीने धरण्याचा छंद आज अमेरिकेत मोठ्या प्रतिष्ठेस चढला आहे. तो छंद खुशाल चालावा. परंतु आगंतुक कार्प आणि हजारो वर्षांचा घरचा सकर ह्या दोघांना एकाच टोपलीत टाकून दोघांनाही सारखेच हाकलणे, ही चूक दीड शतक चालली. सकर ट्राऊटाची अंडी खाऊन त्याचा नाश करतो, हा आक्षेपही अभ्यासाअंती फारसा टिकला नाही. उलट ज्या ओढ्यांत सकर अंडी घालावयास चढतात, तेथे त्यांच्या अंड्यांतून व मलातून निकस पाण्याला खत मिळते. त्यावर शेवाळ, किडे आणि त्यांवर इतर मासे पोसतात. त्यांत ट्राऊटही आला. रेडहॉर्सांना तर स्वच्छ खडे आणि निर्मळ पाणी लागते. ते जेथे आहेत तेथे नदी निरोगी आहे, असे खुशाल समजावे. घाण खाणारा म्हणून ज्याची निंदा झाली, तोच स्वच्छतेची साक्ष निघाला!

अशा माशाचे दुर्लक्षाने काय होते, त्याचे एक उदाहरण देतो. १८७० मध्ये एडवर्ड कोप ह्या शास्त्रज्ञाने नॉर्थ कॅरोलायनातील याडकिन नदीतील एका मोठ्या रेडहॉर्साचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर तो मासा विद्वानांच्या विस्मृतीत गेला. त्याचे शास्त्रीय नावसुद्धा चुकून दुसऱ्याच जातीस चिकटले. अखेर १९९१ मध्ये जॉर्जिया राज्यातील ओकोनी नदीत तो पुन्हा गवसला. हा काही बोटाएवढा मासा नव्हे. हातभराहून लांब आणि सात-आठ किलोपर्यंत वजनाचा! एवढा मासा सव्वाशे वर्षे नदीत असूनही दिसला नाही, कारण त्याच्याकडे पाहावे असे कोणास वाटले नाही.

सुदैवाने वारा पालटत आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतील मत्स्यशास्त्रज्ञांच्या एका गटाने ‘रफ फिश’ ह्या शब्दालाच निरोप द्यावा असे लेख लिहून सुचवले. २०२४ मध्ये मिनेसोटा राज्याने कायद्यात दुरुस्ती करून घरच्या माशांना आगंतुक कार्पापासून वेगळे काढले. आणि ट्राऊटचा नाद असलेले कित्येक गळकरी आता वसंताच्या सुरुवातीस मुद्दाम सकराच्या मागे जातात. त्यांपैकी पुष्कळांना ह्या माशाची ओळख झाली ती अपघाताने. ट्राऊटसाठी तळाशी सोडलेली अळी सकराने घेतली, आणि ‘छे, भरड निघाला!’ म्हणून तो फेकून देण्याऐवजी त्यांनी त्याला पाण्यात धरून नीट पाहिले. सोनेरी खवले, लाल पर, मृदू ओठ. एवढे पाहणे पुरेसे झाले.

असो. आपल्या नद्यांतही अशा माशांची वाण नाही. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मांडवी, नर्मदा ह्यांच्या तळाशी कितीतरी जाती चरत आहेत, ज्यांना बाजारात भाव नाही आणि म्हणून ज्यांची चौकशी नाही. आमची घरोघरच्या वडील मंडळींस एक विनंती आहे. येत्या रविवारी मुलांना आपल्या गावच्या नदीतील पाच माशांची नावे विचारून पाहा. मुलांना सांगता आली नाहीत तर स्वतःस विचारा. तीही जमली नाहीत तर नदीकाठच्या एखाद्या जुन्या कोळ्याकडे मुलांना घेऊन जा, आणि त्याच्या तोंडून ती ऐका. ती नावे तो असेतोवरच आपणांस ऐकावयास मिळतील. आणि नदीत काय उरले आहे, काय गेले आहे, हेही त्याच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसेल.